सगळ्यात वरच्या रेटिंगचा ग्लोव्ह आणि भाजलेली दोन बोटं: एका कॅम्पचं प्रकरण

पाच दिवसांचा कॅम्प होता, आम्ही चौघं. जंगलाच्या कडेची एक जुनी पायवाट काटेरी झुडपांनी पार बुजून गेलेली, ती रीतसर परवानगी काढून मोकळी करायची, पडलेल्या फांद्या कापून सरपण करायचं, लाकडं दोराने बांधून तात्पुरता निवारा उभा करायचा आणि पाचही दिवस आगीवरच सगळं भागवायचं. मी सहा-सात वर्षं असल्या कामांना जातोय, धाकटा मावसभाऊ पहिल्यांदाच येत होता. त्याने तयारी मनापासून केली होती, आणि सगळ्यात जास्त वेळ घालवला होता तो ग्लोव्हजवर.

त्याने घेतलेला जोड विणीचा होता, आतून कापाला दाद न देणारा धागा, तळव्यावर नायट्राइलचं, म्हणजे एका कृत्रिम रबराचं, काळं कोटिंग, मनगटाला घट्ट इलॅस्टिक. पाठीवर ढालीचं चिन्ह आणि खाली कोड, ४-एक्स-४-३-एफ. मला दाखवून म्हणाला, "दादा, एफ म्हणजे सगळ्यात वरचं, याच्यापुढे ग्रेडच नाही." आणि ते खरं होतं. मी हातात घालून बघितला, पातळ होता, बोटं मस्त हलत होती, मीही म्हटलं झकास आहे, चालेल. हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे जे झालं त्यात माझीही तेवढीच जबाबदारी आहे, तू ह्याने नेमकं काय करणार आहेस हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता आणि विचारला नाही.

पहिल्या दिवशी काटे. सकाळी दोन तास झुडपं कापून ओढून बाजूला टाकायचं काम चाललं होतं, तासाभरातच त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. विणीच्या ग्लोव्हला पाठीवर कोटिंग नसतं, नुसती वीण असते, आणि काटा विणीतल्या फटीतून सरळ आत जातो, धागा कापायची त्याला गरजच पडत नाही. तळव्यावर कोटिंग होतं तिथेही चार-पाच काटे घुसले. त्यातला एक काटा टोकाला मोडून कोटिंगमध्येच राहिला, बाहेरून काही दिसेना, पण कुऱ्हाडीचा दांडा धरला की प्रत्येक वेळी अंगठ्याखाली त्याच जागी टोचायचं. शेवटी ग्लोव्ह उलटा केला, उन्हात धरला आणि आतून बोट फिरवत गेलो तेव्हा ते मिलीमीटरभर टोक सापडलं, ते चिमट्याने काढलं. हातात रुतलेले काटे संध्याकाळी सुईने काढत बसलो. त्याचा धनुर्वाताचा डोस चालू आहे ना हे मी तेव्हा विचारलं, जे खरं तर निघायच्या आधी विचारायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक चाललं. कोटिंगची पकड चांगली होती, ओली लाकडं वाहताना त्याचा हात सटकत नव्हता, उलट माझे जुने चामड्याचे ग्लोव्हज दवाने भिजून बुळबुळीत झाले होते. त्या कामाला त्याचा जोड माझ्यापेक्षा सरस होता.

संध्याकाळी आगीवर तिकाटण्याला लोखंडी तारेच्या कडीने पाण्याचं भांडं टांगलं होतं. पाणी उकळलं, भांडं उतरवायला तो पुढे झाला, हातात ग्लोव्ह आहेच म्हणून त्याने सरळ उजव्या हाताने कडी धरली. भांडं तीन-चार लिटरचं, म्हणजे वजनाने कडी बोटांत दाबली जाणार. पहिले दोन-तीन सेकंद काही झालं नाही आणि तिथेच घात झाला, कारण तेवढ्यात त्याने भांडं उचलून आगीबाहेर आणायला सुरुवात केली होती. मग एकदम ओरडला, उकळतं पाणी सांडू नये म्हणून दोन पावलं तसाच चालला, भांडं खाली टेकवलं आणि हात झटकायला लागला. "दादा, निघत नाहीये, ग्लोव्ह निघत नाहीये!"

निघणार कसा, तो झटकून निघण्यासाठी बनवलेलाच नव्हता. मनगटाला घट्ट, बोटांना घट्ट, बोट न् बोट ओढून काढावा लागणारा. वर कडी जिथे टेकली होती तिथे कोटिंग वितळल्यासारखं चिकट झालं होतं आणि आतली वीण आकसून कडक झाली होती. ओढू नको म्हणून त्याला ओरडून सांगितलं, कारण कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढल्याने कातडीही सोलून निघते. हात तसाच धरून पिण्याच्या पाण्याचा कॅन वाकडा केला आणि बारीक धार सोडली. पाणी आत झिरपल्यावर ग्लोव्ह सैल झाला आणि निघाला, नशिबाने कातडीला चिकटला नव्हता. मग वीस मिनिटं धार धरली. तो पाच मिनिटांतच म्हणायला लागला की बरं वाटतंय, बास, पण भाजल्यावर गार पाण्याखाली वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटंच. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल-तूप काही नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या मधल्या पेरावर आडवे फोड आले होते. हाताची भाजलेली जागा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरला दाखवली, ड्रेसिंग झालं, बोटं पुढे नीट भरली, आता पूर्ण वळतात. पण कॅम्प त्याच्यासाठी तिथेच संपला होता, उरलेले तीन दिवस त्याने डाव्या हाताने जमेल ते केलं.

त्या रात्री तो ग्लोव्ह हातात घेऊन आम्ही कोडचा एकेक आकडा उलगडत बसलो. ढालीखालचा कोड हा ईएन ३८८ या युरोपियन स्टँडर्डचा, २०१६ च्या आवृत्तीपासून तो असा लिहितात. पहिला आकडा घासण्याचा, चारपैकी चार म्हणजे ठराविक खरखरीत कागदावर ८००० फेऱ्या टिकला. दुसरा कापाचा, गोल पात्याच्या जुन्या टेस्टचा, तिथे एक्स, कारण असल्या कडक धाग्यावर ते पातंच बोथट होतं आणि टेस्टला अर्थ राहत नाही. म्हणून शेवटी अक्षर येतं, सरळ पात्याच्या टेस्टचं, आणि एफ म्हणजे २० मिलीमीटर सरकून ग्लोव्ह कापायला पात्यावर निदान ३० न्यूटनचा, म्हणजे अंदाजे तीन किलोच्या भाराइतका, जोर लागला. मधे तिसरा आकडा फाटण्याचा, चौथा भोकाचा.

भोकाच्या आकड्यात तीन होते आणि तरी काटे आत गेले, हे त्याला पटेना. तीन म्हणजे १०० न्यूटन, अंदाजे दहा किलोचा भार. मग काट्याने एवढ्या सहज कसं भोक पाडलं? तर ती टेस्ट करतात गोलसर टोकाच्या पोलादी खिळ्याने, बॉलपेनच्या टोकासारखं समजा. काट्याचं टोक त्याच्यापुढे काहीच नाही, तो धाग्यांच्या मधून वाट काढतो. इंजेक्शनच्या सुईसाठी म्हणून वेगळी टेस्ट असते, ती ह्या आकड्यात येतच नाही. आणि आणखी एक गोष्ट जी मला स्वतःला कधी लक्षात आली नव्हती, टेस्टसाठी तुकडे ग्लोव्हच्या तळव्यातून कापून घेतात, हाताच्या पाठीबद्दल तो कोड काहीच सांगत नाही. झुडपात हात घातला की आधी लागते ती पाठच.

आणि उष्णता तर ह्या कोडमध्ये कुठेच नाही. त्याच्यासाठी ईएन ४०७ वेगळं, त्याचं चिन्ह वेगळं. कापाला टिकणारे बरेच ग्लोव्हज ज्या धाग्याचे असतात तो उच्च ताकदीचा पॉलिइथिलीन, तोच तो प्लास्टिकच्या घराण्यातला, आणि तो १४५-१५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. नायलॉन, पॉलिस्टर थोडे वर, साधारण २२० ते २६० अंश. आगीवर टांगलेल्या तारेची कडी ह्याच्या पुढे सहज जाते. अरामिड म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा वितळत नाही, लोकर आणि सुती कापडही वितळत नाही, जळतं पण चिकटत नाही. म्हणजे चाकूपुढे अव्वल असलेला धागा आगीपुढे सगळ्यात वाईटांपैकी एक, एकाच ग्लोव्हमध्ये, आणि वरचं एफ बघून माणसाला वाटतं आपला हात सुरक्षित आहे.

मग एक कागद घेतला आणि दोन दिवसांत हातांनी काय काय केलं ते तासातासाने लिहून काढलं. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणात कामाची गोष्ट हीच झाली. काटेरी झुडपं ओढणं पाच तास. लाकूड वाहणं तीन-चार तास. कुऱ्हाड आणि करवत मिळून चार. दोर ताणणं, गाठी मारणं दोन. आगीपाशी दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी अर्धा मिनिट. आणि चाकूने खुंट्या तासणं दोन दिवसांत मिळून अर्धा तास. शेजारी लिहिलं की त्या कामात हातात शिरणार काय आहे, टोक, धार, घासणं की उष्णता. ज्या धोक्यासाठी त्याने एवढा शोध केला होता तो, म्हणजे धार, अर्ध्या तासात होता आणि तोही एकाच हाताला, कारण चाकू उजव्या हातात असतो, कापतो तो डावा. बाकी सगळा दिवस टोकांचा आणि घासण्याचा, आणि सगळ्यात मोठी इजा झाली ती अर्ध्या मिनिटाच्या कामात.

हे कळल्यावर पुढची निवड अवघड राहिली नाही, पण पहिल्या फटक्यात बरोबरही आली नाही.

काटे, लाकूड आणि दोरासाठी आम्ही चामड्याकडे गेलो. चामडं म्हटलं की लोक एकच वस्तू समजतात, पण कुठल्या जनावराचं आणि कातडीचा कुठला थर ह्याने सगळा फरक पडतो. वरचा गुळगुळीत थर, ज्यावर केसांची छिद्रं दिसतात, तो दाट असतो, काट्याला सहज दाद देत नाही. खालचा सोलून काढलेला थर, मखमली दिसतो, तो जाड आणि स्वस्त पण तंतू सैल, पाणी पितो. बकरीचं चामडं पातळ असूनही चिवट, बोटांना जाणीव राहते. गाईचं जाड, दणकट, पण कडक. डुकराचं भिजून वाळल्यावर बाकीच्यांइतकं कडक होत नाही. हरणाचं सगळ्यात मऊ, हाताला फार छान, पण काट्यासाठी मी घेणार नाही. त्याच्यासाठी बकरीचं वरच्या थराचं घेतलं, पाठीलाही चामडंच, आणि मनगटाच्या वर कोपराच्या दिशेने बरंच लांब जाणारी बाही. पूर्ण काटाबंद असं हे नाहीच, सरळ रोखून आलेला लांब काटा ह्यातूनही जातो, पण तिरका लागला तर घसरतो, आणि झुडपातले बहुतेक काटे तिरकेच लागतात.

चूक केली साइझमध्ये. आधीचा घट्ट जोड निघाला नाही ह्याचा धसका होता, म्हणून त्याने एक साइझ मोठा, ९ नंबर मागवला. पुढच्या फेरीला बघितलं तर बोटांच्या टोकाला सेंटीमीटरभर रिकामं चामडं लोंबतंय, गाठ मारताना ते दोरात अडकायचं, आणि लाकूड उचलताना तळव्यावर आडवी घडी पडून दुपारपर्यंत तिथेच फोड. हाताचा घेर मोजला, टेप अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी तळव्याभोवती, २१ सेंटीमीटर भरला. ८ नंबर म्हणजे २०३ मिलीमीटरचा घेर, ९ नंबर म्हणजे २२९. म्हणजे तो सरळ ८ चा माणूस. बदलून ८ घेतला, पहिले दोन दिवस आवळ वाटला, मग चामड्याने हाताचा आकार घेतला आणि तक्रार संपली. घालून बघताना मूठ आवळून दांडा धरल्यासारखं करावं आणि तळव्यात घडी जमा होते का ते बघावं. आणि शिलाई बघावी, ती बोटांच्या टोकावर किंवा तळव्यात दाब येतो तिथे असेल तर फोड ठरलेला.

कुऱ्हाडीबद्दल आमच्यात आजही एकमत नाही. मी स्वतः दांडा गुळगुळीत आणि कोरडा असेल तर उघड्या हाताने चालवतो, कारण दांडा मुठीत जरा जरी फिरला तर ते कातडीला आधी कळतं. जाड ग्लोव्हमध्ये तेवढंच धरायला जास्त आवळावं लागतं, हात लवकर दमतो, आणि दमलेला हात मला फोडापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. मावसभाऊ मापाचा बकरीचा ग्लोव्ह घालून चालवतो, त्याचे हात नवीन आहेत, फोड येतात, ते मला मान्य आहे. सैल ग्लोव्ह घालून कुऱ्हाड मात्र कोणीच चालवायची नाही ह्यावर वाद नाही. गरगर फिरणाऱ्या यंत्राशी, ड्रिल असो की आणखी काही, ग्लोव्ह घालायचाच नाही, तो गुंतला की बोटासकट आत ओढला जातो. चेनसॉचं स्टँडर्ड पूर्ण वेगळं आहे, आम्ही ती वापरत नाही म्हणून इथे सोडतो.

आगीसाठी वेगळा जोड घेतला आणि इथे मात्र मुद्दाम सैल. क्रोम टॅनिंग केलेलं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, गाईचं जाड सोललेलं चामडं, आत सुती अस्तर, अरामिडच्या धाग्याची शिलाई, वेल्डिंगवाल्यांकडे असतात तसा. धागा विचारून घ्या, कारण चामडं टिकतं आणि नायलॉनची शिलाई वितळून ग्लोव्ह उकलतो असं होतं. ईएन ४०७ चं ज्वाळेचं चिन्ह बघितलं, आणि गरम वस्तू धरण्याचा आकडा २, म्हणजे २५० अंशांच्या पृष्ठभागाला टेकून आतलं तापमान १५ सेकंदांत १० अंशांपेक्षा जास्त वाढत नाही. १ घेतला असता तर ती हमी फक्त १०० अंशांची. आमची त्याच्यासाठीची खरी परीक्षा मात्र घरात झाली, ग्लोव्ह घालून हात खाली करून एक झटका द्यायचा, पडला पाहिजे. पहिला जोड पडला नाही, परत केला. दुसरा पडला, तो ठेवला.

एक नियम आम्ही अजून घातला, तो जोड कोरडाच राहिला पाहिजे. तो २५० चा आकडा कोरड्या ग्लोव्हचा आहे, भिजलेल्यात हवेच्या जागी पाणी बसतं, पाणी उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त वेगाने पुढे नेतं, आणि पुढे त्या पाण्याची आतच वाफ होते. म्हणून तो आगीपासून हातभर अंतरावर खुंटीला टांगलेला असतो आणि त्याने लाकूड वाहायचं नाही, पाणी भरायचं नाही, काही नाही.

पुढच्या फेरीला पाऊस लागला आणि आम्ही अजून एक गोष्ट गमावली. चौघांतल्या एकाने भिजलेले चामड्याचे ग्लोव्हज रात्री आगीच्या दगडावर वाळत टाकले, सकाळी ते लाकडासारखे कडक आणि एक नंबर लहान झालेले. कोरडं चामडं बरीच उष्णता सोसतं पण ओलं नाही, झाडाच्या सालीने कमावलेलं ओलं चामडं ७५-८० अंशांच्या आसपासच आकसतं, क्रोमचं साधारण १०० ला, आणि एकदा आकसलं की कितीही तेल चोळा ते परत येत नाही. आता आम्ही पिळत नाही, बोटं ओढून सरळ करतो, आत कोरडं कापड कोंबतो आणि सावलीत वाऱ्यावर टांगतो, दीड-दोन दिवस लागतात, लागू देत. थोडं दमट असतानाच मेण आणि चरबीचं मलम अगदी पातळ हाताने लावतो. जास्त लावलं तर चामडं ढिलं पडतं आणि आगीच्या ग्लोव्हला तर लावतच नाही.

म्हणजे एका जोडाचे तीन जोड झाले. वजन वाढलं, मान्य, पण आगीचा जोड तर खुंटीलाच असतो आणि काट्याचा दिवसभर हातात असतो, पिशवीत राहतो तो फक्त तिसरा.

तो तिसरा म्हणजे जोड नाहीच. उजवा जळून गेला, पण त्या एफवाल्याचा डावा तसाच धड होता. खुंट्या तासायला बसलो की मावसभाऊ तो एकटा डावा ग्लोव्ह काढतो, डाव्या हातात चढवतो आणि चाकू उजव्या उघड्या हातात घेतो. मागच्या महिन्यात खुंटीची गाठ लागून पातं निसटलं आणि त्याच्या डाव्या तर्जनीवरून आडवं गेलं. कोटिंगवर दोन सेंटीमीटरची पांढरी रेघ उठली होती, आतले धागे शाबूत. त्याने ग्लोव्ह काढून बोट उन्हात फिरवून फिरवून बघितलं, मला दाखवलं, परत चढवला आणि अर्धी राहिलेली खुंटी उचलली.